तोरणाची उंची

खंडेनवमीला त्या पशुखाद्य कारखान्यात यंत्रं बंद असतात. संगमनेरच्या अलीकडे, नाशिक–पुणे रस्त्याला लागूनच तो कारखाना आहे. सकाळपासून पाइप लावून सगळं धुऊन काढायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि गोदामाच्या फाटकाला झेंडूचं तोरण बांधायचं, अशी पद्धत. राजेश्वरीने आपली फोर्कलिफ्ट, म्हणजे गोण्यांच्या थप्प्या उचलणारी गाडी, स्वतः पुसली होती. बॅटरीवर पाइप धरू दिला नाही म्हणून सकाळीच धुणाऱ्यांशी तिचं एकदा वाजलं होतं.

"फिजिक्स शिकली आन् गाडीला फडकं मारती," तोरण ओवता ओवता मालनबाई म्हणाली. ती गोदामात झाडलोट करायची.

"फडकं मारायलाच शिकावं लागतं, मावशी. पाणी काय, कुणीही मारतं."

"बया! तोंड बघा हिचं!"

मालनबाई लोखंडी बाइंडिंग वायरमध्ये फुलं ओवत होती. सुतळी झेंडूच्या वजनाने तुटते, म्हणून दरवर्षी तारच वापरायची.

तोरण बांधायचा मान कानिफनाथचा. तो पाथर्डीकडचा, गोण्या उचलणारा, चाळिशीतला माणूस. त्याने गोण्या रचायचं एक रिकामं लाकडी पॅलेट ओढत आणून फोर्कलिफ्टसमोर टाकलं.

"ताई, घ्या याला उचलून. म्या वर उभा ऱ्हातो, तुमी फाटकापाशी चला."

राजेश्वरी या कामावर लागून सहा महिने झाले होते. ही पद्धत तिला ठाऊक नव्हती. तिने फाटकाकडे पाहिलं. वरची आडवी पट्टी दोन माणसांहून उंच होती आणि पट्टीच्या हातभर वरून विजेच्या खांबावरची तार कारखान्यात येत होती. उन्हाने तिचं काळं आवरण जागोजागी तडकलं होतं.

"कानिफभाऊ, मी नाही उचलणार."

"म्हंजे?"

"म्हणजे नाही. माणूस उचलायला ही गाडी नाहीये. आणि वर तार आहे."

"आवो, दरसाली तिथंच बांधतो म्या!"

"दरसाली वाचलात."

कानिफनाथचा चेहरा उतरला. ज्याला वर्षभर कुणी नावाने हाक मारत नव्हतं, त्याच्याकडे या एका दिवशी सगळे मान वर करून बघायचे. "माझा मान हाय त्यो, ताई. तुमी त्यात पडू नका."

तेवढ्यात व्यवस्थापक सुनीलराव आले. नव्या शर्टाची घडी अजून मोडली नव्हती. "काय चाललंय? मालक पोचतील इतक्यात."

राजेश्वरीने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हसले. "लाकडावर उभा राहणार ना तो? लाकडातून करंट जातो का? तूच सांग, तू शिकलेली."

"कोरड्या लाकडातून सहसा जात नाही." राजेश्वरी खाली बसली. तिने पॅलेटची फळी अंगठ्याने दाबली, तर फटीतून पाणी वर आलं. "हे सकाळपासून भिजतंय. खिळे लोखंडी, खालचे फोर्कचे सुळे लोखंडी, आणि यांच्या हातात तोरणाची तार. वायरमनला बोलवून लाइन बंद करा, नीट शिडी आणा, मग बांधू."

"सणाच्या दिवशी वायरमन? तू चावी दे, दुसरा कोणी चालवेल."

"दुसऱ्या कुणाकडे लायसन्स नाही."

"मग तू चालव! नाहीतर उद्यापासून यायचं नाही. समजलं?"

घरी काय सांगायचं, हा विचार राजेश्वरीच्या मनात आला, नाही असं नाही. देवळाली प्रवरेत वडील अजून सगळ्यांना सांगत होते की पोरगी कारखान्यात मशीन चालवते.

"आधी एक बघा," ती म्हणाली. "सगळे त्या भिंतीपाशी सरका. भाऊ, पॅलेटवर एक भरलेली गोणी उभी करून द्या, आणि तुम्हीपण सरका."

"तमाशा चाललाय का?" सुनीलराव म्हणाले. पण तोवर कानिफनाथने गोणी ठेवलीसुद्धा होती. त्यालाही बघायचं होतं.

तारेपासून लांब, आवाराच्या मधोमध तिने पॅलेट डोक्याच्या वर नेलं. गाडी सावकाश पुढे घेतली आणि फाटकापाशी थांबायला जेवढा लागला असता तेवढाच ब्रेक तिथे दाबला. गोणी वाकली, क्षणभर तशीच राहिली आणि काँक्रीटवर येऊन फुटली. पेंडीचा भुगा भिंतीपर्यंत उडाला.

"गोनीला हात न्हाईत," कानिफनाथ म्हणाला. "मला हायत. म्या धरून उभा ऱ्हाईन."

"कशाला धराल?"

"पॅलेट वर वढती त्या साखळीला."

"ती साखळी चालते, भाऊ. बोटं आत ओढून घेते. आणि दोन्ही हातांनी तोरण बांधणार की साखळी धरणार?"

कानिफनाथ आपल्या हातांकडे बघत राहिला.

"बास झालं," सुनीलराव ओरडले. "कानिफ, चढ तू. मी सांगतोय ना!"

"तुमी चढा की, साहेब," मालनबाई मागून म्हणाली. "नवा शर्ट हाय, वरून झ्याक दिसंल."

कुणीतरी फिसकन हसलं. सुनीलरावांनी वळून पाहिलं, पण हसणारे आता एक-दोघंच उरले नव्हते, सगळेच हसत होते.

कानिफनाथने मालनबाईच्या पुढ्यातून तोरण उचललं. ते खांद्यावर टाकून तो फाटकाकडे चालत गेला.

"कानिफ! खाली नाही बांधायचं. मालक काय म्हणतील?"

"मान माझा हाय ना, साहेब? मंग जागाबी म्याच ठरवनार."

जमिनीवर उभं राहून हात पोचला तिथे, फाटकाच्या एका खांबाला त्याने एक टोक बांधलं, समोरच्या खांबाला दुसरं. तोरण मधोमध झुकून माणसाच्या कपाळाइतकं खाली आलं. राजेश्वरीने फोर्क जमिनीला टेकवले, गाडी बंद केली आणि ती त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

मालकांची गाडी आली. ते उतरले, चार पावलं चालले आणि झेंडूसमोर थबकले. सुनीलराव धावत गेले. "साहेब, ते जरा... लगेच वर घेतो."

"वर घेणार नाही," राजेश्वरी म्हणाली.

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. "कोण ही?"

"फोर्कलिफ्ट चालवते, साहेब. वर जिवंत तार आहे. तुम्ही वाकून या."