देव्हाऱ्याचा पडदा

चौऱ्याऐंशी साली नलिनी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होती, त्यामुळे गप्प बसणं तिला जमत नव्हतं. नाहूरच्या घरी तिने आईला सांगून टाकलं, "आपला शाळिग्राम म्हणजे जीवाश्म आहे गं. कोट्यवधी वर्षांपूर्वी हिमालयाच्या जागी समुद्र होता, त्यातला हा जीव. आपण खातो त्या माकुलीचा लांबचा नातेवाईक."

जानकीबाईंनी शाळिग्राम पुसून पुन्हा देव्हाऱ्यात ठेवला. आईचा देव आपण कॉलेजच्या कपाटात नेऊन ठेवला, असं वाटून नलिनीला दोन दिवस जेवण गेलं नाही.

बुधवारी बांगडे आले. मासळी शिजताना आई देव्हाऱ्यावर न चुकता पडदा ओढायची. आज ओढला नाही.

"आई, पडदा राहिला."

"ऱ्हवांदे गो. समुद्रातलो मां तो? इतक्या वर्षांत गाववाल्यांचो वास खंय मिळालो असतलो त्याका!"