राहत्या मालकाचा परवाना

पालिकेचा नियम साधा होता. घरातली खोली पाहुण्यांना चार दिवसांसाठी भाड्याने द्यायची, तर परवान्यावर ज्याचं नाव आहे तो मालक त्याच घरात राहता हवा. मालक वारला की परवानाही संपला, आणि त्या गल्लीत नवे परवाने देणं केव्हाच बंद झालेलं. शिंपीकाका वारले तेव्हा काकूंनी पालिकेला कळवलंच नाही. उलट त्यांच्या चपला दारात ठेवल्या, चष्मा मागच्या खोलीतल्या शिलाई मशीनवर ठेवला आणि रोज सकाळी त्यांचा टॉवेल ओला करून दोरीवर टाकायला लागल्या. तपासनीस कधीही येऊन टपकायचा. त्याच्या डोळ्यांत धूळ फेकायला एवढं पुरेल, असा त्यांचा अंदाज.

अंदाज चुकला तो भलत्याच बाजूने. एक पाहुणी निघताना म्हणाली, "काकांना थँक्यू सांगा हं. कोटाचं अस्तर किती सुबक शिवून दिलं त्यांनी."

काकूंनी अस्तर उलटून पाहिलं, तर टाका काकांचाच होता.

मग येणाऱ्या प्रत्येकाला काका भेटत राहिले. कुणाला नळाची खोड समजावली, कुणाशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. काकू मागच्या खोलीत जाऊन बसायच्या, हाका मारायच्या. तिथे चिटपाखरू नसायचं. जिवंतपणीही या माणसाचं हेच. गिऱ्हाइकापुढे तोंडाचा पट्टा सुरू, आणि घरात मात्र मिठाची गुळणी. काकूंना राग यायचा, आणि रागाहून जास्त आठवण यायची. खर्चापुरतं मुलगी पाठवत होती. पाहुणे हवे होते ते काकांची खबर आणायला. खोली रिकामी असली की काकूंना घास उतरायचा नाही.

तपासनीस आला तो भर दुपारी. "काका कुठायत?"

"मागे, मशीनवर," काकू म्हणाल्या आणि खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या. परक्यांना ते भेटतातच, यालाही भेटतील, एवढीच त्यांची आशा.

आतून तपासनिसाचं बोलणं ऐकू आलं, हसणंसुद्धा. त्याला मिळणारी उत्तरं तेवढी ऐकू येत नव्हती.

तो बाहेर आला तेव्हा अवघडलेला दिसला. "काकू, परवाना रद्द करावा लागेल."

"का? भेटले ना?"

"भेटले की. छान माणूस. पण मी विचारलं, इथेच राहता ना, तर सरळ नाही म्हणाले. आता इथे राहत नाही, हिच्याने मला सोडवत नाही म्हणून अजून येतो, म्हणाले." तो जरा घुटमळला. "भांडण झालंय का तुमचं?"

काकूंनी नाही म्हणून मान हलवली. खोटं बोलणं काकांना जन्मात जमलं नव्हतं. "माझ्याबद्दल आणखी काही म्हणाले का?"

"मीच विचारलं, मग तिच्याशी का बोलत नाही. तर म्हणाले, तिच्यासमोर आलो तर पाय निघणार नाही."

तपासनीस गेला. काकूंना हुंदका आवरेना. मागची खोली चार पावलांवर होती, आणि आत्ता गेलं तर कदाचित दिसतीलही, असं त्यांना आतून वाटत होतं. त्या उठल्या, खोलीकडे न बघता घराबाहेर पडल्या, आणि काकांना निघता यावं म्हणून कितीतरी वेळ रस्त्यावरच उभ्या राहिल्या.