डावीकडे वळलेली पानं

माझ्या नवऱ्याचा सगळा संग्रह जेवणघरातल्या एका खणात मावतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण "पिस्तुलं जमवतो" म्हटलं की पाहुणे दाराकडे बघायला लागतात. रॉइसची पिस्तुलं तळहाताएवढी, कोटाच्या खिशात घालायची, आमच्या आई-वडिलांच्या काळातली. त्यातलीही फक्त नक्षीची, आणि नक्षीही कारखान्यातच कोरलेली असली तर. विकत घेतल्यावर कुणी बाहेरून कोरून घेतलेलं पिस्तूल याला फुकट दिलं तरी नको. तीस वर्षं घरोघर टपाल वाटलं, आणि तेवढ्या काळात चौदा जमली.

अशी पिस्तुलं बनवणारा एक कारखाना पूर्वी आमच्याच गावात होता, हार्टफर्ड शहराच्या अलीकडे, नदीकाठी. तो केव्हाच बंद पडला. पण कोणत्या क्रमांकाचं पिस्तूल कधी बाहेर पडलं आणि त्यावर नक्षी कुणी कोरली, याच्या वह्या गावच्या वाचनालयात ठेवलेल्या आहेत. रॉइस त्या वह्या असा वाचतो, की बाकीचे नवरे वर्तमानपत्रातलं बेसबॉलचं पानही एवढ्या भक्तीने वाचत नसतील.

अठ्ठ्याहत्तर सालच्या सप्टेंबरात त्याला पंधरावं मिळालं. कुणा म्हातारीच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथे शिवणाच्या डब्याच्या तळाशी. अंगभर ओकची पानं आणि चापाच्या वर एक मधमाशी. वहीत नोंद सापडली: 'नोव्हेंबर १९१२. नक्षी, कोनराड ब्रँडेकर.' ब्रँडेकर म्हणजे त्या कारखान्यातला सर्वांत मोठा कारागीर. रॉइसने मला स्वयंपाकघरातच उचलून गरकन फिरवलं. तो तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता आणि मी काही चिमणी नव्हे.

संध्याकाळी त्याने हॉलिसला बोलावलं. हॉलिस वॅडली हा आमच्या गावचा दाताचा डॉक्टर आणि रॉइसचा पंचवीस वर्षांचा मित्र. त्यालाही हाच नाद. पिस्तूलसुद्धा तो असं हातात धरतो, की आता त्याला "आ करा" म्हणेल. त्याने भिंग लावलं आणि पिस्तूल दिव्याखाली फिरवून फिरवून बघितलं.

"रॉइस, ब्रँडेकरची पानं उजवीकडे वळतात. कायम. ही बघ, सगळी डावीकडे. आणि ही माशी कसली?"

"मधमाशी आहे ती."

"असेल. ब्रँडेकरने जन्मात किडा कोरला नाही. पिस्तूल कारखान्याचं, नक्षी मागाहून कुणाची तरी. हिरडी खरी, दात बसवलेले."

"अरे, पोलादावरचा निळा रंग बघ ना! रेषांच्या आत उतरलाय. म्हणजे नक्षी आधी, रंग नंतर."

"रंग पुन्हा चढवता येतो. तुला काय मी सांगायला पाहिजे?"

पुढचे दोन दिवस रॉइस जेवला नाही म्हटलं तरी चालेल. मी भाजलेलं मांस केलं, ॲपल पाय केला, तर हा काट्याने नुसते ओरखडे काढत बसला. तिसऱ्या दिवशी माझा संयम संपला.

"अरे, ब्रँडेकरची मुलगी आहे की. तिला जाऊन विचार ना!"

"कोण मुलगी?"

"मिस ऑटिली. शाळेच्या स्वयंपाकघरातली. तिचं आडनाव काय आहे म्हणून तुला वाटतं?"

त्याने काटा खाली ठेवला. आमच्या दोन्ही मुलांनी, आणि त्यांच्याही आधी हॉलिसने, त्या बाईच्या हातचं सूप वर्षानुवर्षं प्यायलं होतं. पण तिला आडनाव असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही तिघं निघालो. आपलंच खरं ठरणार याची खात्री असल्यामुळे हॉलिस आपणहून आला. गाडी मी चालवली, कारण ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते आणि न बोलणाऱ्या माणसांचं रस्त्याकडे लक्ष नसतं.

मिस ऑटिली ब्रँडेकर त्र्याऐंशी वर्षांची होती. अंगाने काडी, आवाज मात्र अजून भरल्या भोजनगृहात घुमेल असा. तिने प्लमचा केक कापून ठेवला होता. रॉइसने रुमालातून पिस्तूल काढताच ती कडाडली, "गोळ्या आहेत का बघितलंस? नाही, मला दाखव. हं, आता आण इकडे."

तिने ते खिडकीशी नेलं. भिंग घेतलं नाही, नुसता अंगठा फिरवला. आणि मग एवढी हसली, एवढी हसली, की मी पाणी आणायला उठले.

"अगं बाई! हे इथे कसं आलं?"

"तुमच्या वडिलांचं काम आहे ना?" रॉइस जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाला.

"छे. माझं आहे."

हॉलिसच्या काट्यावरचा केक बशीत पडला.

"बाबा पेअरच्या झाडावरून पडले," ती सांगू लागली. "उजवं मनगट मोडलं. कारखान्यात सांगितलं नाही. बाबांना वाटलं, फोरमन त्यांची जागा दुसऱ्याला देईल. मनगटावर कोटाची बाही ओढून रोज कामाला जायचे आणि जेवणाच्या डब्यातून हे घरी आणायचे, रंग चढायच्या आधीचं, मऊ पोलादाचं. मी सतरा वर्षांची. लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून तांब्याच्या पट्ट्यांवर कोरत आलेली. ते समोर बसून ओरडायचे, मी कोरायची. आईला तर स्वयंपाकघराचं टेबल तीन आठवडे मिळालं नाही."

"पण पानं डावीकडे का?" हॉलिसने विचारलं.

तिने टेबलावरचं चर्चचं पत्रक पालथं केलं, पेन्सिल घेतली आणि एक ओकचं पान काढलं. पान सुरेख आलं. डावीकडे वळलेलं. पेन्सिल तिच्या डाव्या हातात होती.

"बाबा उजवे. मी डावरी. डॉक्टर, सात वर्षं मी तुझ्या वाडग्यात सूप ओतलं. कोणत्या हाताने ओततेय तेवढंही तू बघितलं नाहीस. तुझी नजर सदानकदा पुढच्या पुडिंगवर."

हॉलिस कानापर्यंत लाल झाला.

"आणि मधमाशी?" मी विचारलं.

"कोरणी निसटली गं. एवढा मोठा ओरखडा. बाबांनी डोक्याला हात लावला. मग मी त्या ओरखड्याचा पंख केला आणि त्याला माशी जोडली. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, 'पंख बरे जमलेत तिला.' फोरमनला तर ती माशी इतकी आवडली, की पुढच्या पिस्तुलावरही पाहिजे म्हणाला. बाबांनी सांगितलं, हिवाळ्यात माश्या येत नसतात."

आम्ही हसून हसून बेजार झालो. हॉलिस मात्र सावरला. "म्हणजे मी म्हणत होतो तेच खरं! नक्षी कारखान्याबाहेरची."

"बाहेरची कशी?" रॉइस उसळला. "कारखान्यानेच बनवलं, कारखान्यानेच तपासलं, वर शिक्काही मारला!"

"स्वयंपाकघरात कोरलं, रॉइस!"

"भांडायला आलात की मला विचारायला आलात?" मिस ऑटिलीने टेबलावर चापट मारली. दोघं शाळेतल्या पोरांसारखे ताठ बसले. "डॉक्टर बरोबर बोलतोय. हात बरा झाल्यावर बाबांनी मला कारखान्यात नेलं होतं. फोरमनपुढे मी एक पट्टी कोरून दाखवली. तो म्हणाला, छान आहे, पण कोरणाऱ्यांच्या बाकावर बाया बसत नाहीत. मला दारातून आत घेतलं नाही त्यांनी, मग माझं काम त्यांचं कसं? ते माझं आहे."

रॉइस पिस्तुलाकडे बघत राहिला. कारखान्याबाहेरचं एकही घ्यायचं नाही, हा नियम या माणसाने तीस वर्षं पाळला होता. या नियमापायी त्याने चांगली चांगली पिस्तुलं सोडून दिली होती.

मग तो हळूच हसला. "मिस ऑटिली, पुढच्या शनिवारी हार्टफर्डला आमचं प्रदर्शन आहे. याल?"

"गाडी पाठवशील तर येईन."

संग्राहकांच्या त्या प्रदर्शनात कारखान्याच्या नक्षीला वेगळं बक्षीस असतं. रॉइसने पंधरावं त्यात ठेवलंच नाही. ते एका छोट्या टेबलावर एकटं मांडलं आणि शेजारी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी ठेवली: 'नक्षी: ऑटिली ब्रँडेकर, वय सतरा. आईच्या स्वयंपाकघरात, १९१२.' बाजूला खुर्चीवर ती स्वतः बसली, जांभळी टोपी घालून.

दुपारपर्यंत तिथे रांग लागली. बातमी पसरल्यावर ज्यांच्या ज्यांच्याकडे ब्रँडेकरच्या नक्षीचं पिस्तूल होतं, ते सगळे धास्तावून आले. परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे एकेक जण पिस्तूल पुढे करत. ती अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "बाबांचं. हेही बाबांचं. जा, निवांत झोप."

हॉलिस तर सकाळभर आपली तीन पिस्तुलं लपवून फिरत होता. अखेर आलाच. तिने तिसरं हातात घेतलं, वळवलं, उलटं केलं आणि मुद्दाम "हंऽऽ" करून थांबली. त्याच्या कपाळावर घाम आला.

"बाबांचं," ती म्हणाली.

त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि गेला. तासाभराने परत आला. तोवर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर मिस ऑटिलीचे फोटो काढत होता आणि बक्षिसाच्या टेबलाकडे चिटपाखरू नव्हतं.

"मिस ऑटिली," हॉलिस खाली वाकून कुजबुजला, "पुन्हा एकदा नीट बघता का? एखादं पान तरी? एखादी रेघ?"

"नाही रे डॉक्टर. सगळं बाबांचंच."

त्याचा चेहरा असा पडला, की रॉइसला खुर्ची धरून हसावं लागलं.

परतताना ती पुढे माझ्याशेजारी बसली. मागे त्या दोघांचा वाद पुन्हा जुंपला होता. यंदा बक्षीस मिळालेलं पिस्तूल लायक होतं की नाही, यावर. पण आता बोलत तरी होते. हमरस्त्यावर तळलेल्या शिंपल्यांची टपरी दिसली तशी तिने मला गाडी थांबवायला लावली. कागदाचा द्रोण मांडीवर घेऊन, टोपी न काढता, ती एकेक शिंपला चवीने खात होती.

"व्हर्ना," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी येणार. पण त्यांना सांग, खुर्ची गादीची पाहिजे. आणि मला सही करायला चांगलं पेन."