दुसरी पुडी

तिसरा हात मारताना त्याचे कान तापले. आठ माणसांचं जेवणाचं टेबल होतं, अर्धं चमकत होतं, अर्धं कोरडं. लाखदाणा स्पिरिटात विरघळवून केलेलं पॉलिश कापसाच्या बोळ्याने एका दमात चढवायचं असतं. हात थांबला की तिथे डाग राहतो. त्याचा हात थांबला. टेबलाची कड धरून तो उभा राहिला आणि छातीत कुणी आतून दार ठोठावावं तसं धडधडायला लागलं.

"तोंड बघ तुझं," समोरचा सुतार म्हणाला. "टोमॅटो झालाय."

"उकडतंय."

"मला तर नाही उकडत."

तो मागच्या मोरीपर्यंत कसाबसा पोचला आणि भडभडून ओकला. तोंड धुऊन वळला तर दारात मालक.

व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून आल्यापासून चार महिने मालकाने त्याला नुसतं घासकाम दिलं होतं. पॉलिशपेपर आणि धूळ. वीस वर्षं ज्याच्या हाताखालून आरशासारखी कपाटं निघाली त्याला. स्पिरिटचा डबा याला देणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या, असं मालक सगळ्यांदेखत म्हणाला होता. आज पॉलिश करणारा दुसरा माणूस आला नाही, म्हणून नाइलाजाने डबा हाती आला होता.

"ये रे माझ्या मागल्या!" मालक म्हणाला. "एक दिवस डबा दिला. एकच दिवस!"

"थेंब घेतला नाही मी."

"मग डबा रिकामा झाला तो टेबल प्यायलं का?"

सगळे हसले. छातीत दुखतंय का, हे त्या खोलीतल्या एकाही शहाण्याने विचारलं नाही. साखर वाढून माणूस कोसळला की लोक खुर्ची घेऊन धावतात. दारूचा आजारी कोसळला की तेच लोक आपली खुर्ची मागे सरकवतात. तो डबा झाकून, बोळा पाण्यात टाकून घरी निघाला.

बायकोने दार उघडलं, एकदाच त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कपाटावरची पिशवी खाली काढली.

"प्यायलात."

"नाही."

"चेहरा बघा आरशात."

"अगं, पॉलिशचा वास आहे तो. अंगाला लागलंय."

"वासाचं नाही म्हणत मी," ती म्हणाली आणि अर्ध्यावर तोडून पिशवीकडे वळली. पिशवीत दोन साड्या कोंबल्या. "भावाकडे चाललेय. मागच्या वेळी सांगितलं होतं, आता परत यायची नाही."

तो दारात उभा होता. भांडायला दम नव्हता.

"केंद्रात चल. डॉक्टरीणबाईंसमोर फुंकतो. आकडा आला तर तिथूनच जा, मी आडवा येणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी त्याला श्वासातली दारू मोजायच्या यंत्रात दोनदा फुंकायला लावलं. दोन्ही वेळा शून्य. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने निदान हुश्श तरी करावं, एवढीच त्याची अपेक्षा होती. ती पांढरी पडली होती.

बाईंनी रक्तदाब मोजला, नाडी धरून ठेवली.

"गोळी कुठली चालू आहे?"

"कुठलीच नाही."

"असं कसं? एक औषध असतं, ते पोटात असताना दारू लागली की असंच होतं. प्यायलीच पाहिजे असं नाही, स्पिरिटच्या वाफेनेही होतं. तुमचं यकृत बघून मीच ते दिलं नव्हतं. मग दिलं कुणी?"

बायको पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. चेहरा मात्र दगडासारखा स्थिर. तसला चेहरा त्याला आतून पाठ होता. पाण्याच्या टाकीत बाटली दडवलेली आणि त्या टाकीला पाठ लावून आपण उभे. वीस वर्षं तो असाच उभा राहिला होता.

"मीच घेतो," तो म्हणाला. "बाजारातून आणल्या पुड्या. हिला माहीत नाही."

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बराच वेळ.

"त्या पुडीत काय आणि किती आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आज नुसती वाफ होती. पेला असता तर यांच्या हातात मला वेगळाच कागद द्यावा लागला असता." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते औषध माणसाला सांगून, त्याच्या मर्जीने द्यायचं असतं. नाहीतर ती नुसती शिक्षा. पुड्या आजच फेकायच्या. दोन आठवडे स्पिरिटजवळ जायचं नाही. आणि उद्यापासून गटात येऊन बसायचं, दोघांनी."

त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. बोलणी खायची त्याला सवय होती.

परतताना दोघं रस्त्याच्या कडेने चालत होती, मध्ये तिसरं माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. पुलाजवळ ती बोलायला लागली.

"भिंतीवर जाहिरात होती. न सांगता दारू सोडवा. बाई म्हणाल्या होत्या ना, हा आजार कधीही उलटतो म्हणून. मला झोप लागत नव्हती हो."

"कधीपासून?"

"तुम्ही आलात त्या संध्याकाळपासून."

"कशात?"

"चहात."

तीन-चार पावलांवर तो तिच्याकडे वळला.

"त्या दिवसापासून कालपर्यंत मला एकदा तरी असं झालं? उलटी, तोंड लाल?"

"नाही. रोज वाट बघायची मी."

"मग? काहीच होत नाही म्हटल्यावर तुला काय वाटलं?"

ती थांबली.

"वाटलं, पुड्या बनावट निघाल्या," ती म्हणाली. "म्हणून दोन-दोन घालायला लागले."

तो हसला. आधी नाकातून, मग पोट धरून, मग पुलाचा कठडा धरून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि पुढे ते हसण्याचंच पाणी होतं की नाही कळेना. समोरून एक छत्रीवाला येत होता. लालबुंद तोंडाचा, कठड्यावर झुकलेला माणूस पाहून त्याने तोंड वाकडं केलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

हसणं संपल्यावर तो डोळे पुसून चालायला लागला. तिच्यासाठी थांबला नाही.

ती तिथेच उभी होती, छत्रीवाल्याच्या पाठीकडे बघत.

"प्यायलेले नाहीत ते," ती मोठ्याने म्हणाली.

छत्रीवाला लांब गेला होता. नवरा तर त्याहून लांब. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि आणखी मोठ्याने, पुलावर कुणीच नसताना, पुन्हा एकदा म्हणाली.