बिनरेघेची स्लाइड

"दादा, तिसऱ्या टेबलावर रेघवाली स्लाइडच लावशील ना?" धाकट्याने बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं.

"परीक्षा आहे. मी कशाला सांगू?"

"नको सांगूस. रेघ दिसली की तेलग्रंथी. अख्ख्या वर्गाला पाठ आहे!"

"त्याच्यावर खेकसू नकोस रे," आई म्हणाली आणि दुधावरची साय त्याच्या पेल्यात टाकली. माझा चहा तसाच.

तो डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला. मी त्याच कॉलेजात मायक्रोस्कोपखाली बघायच्या स्लाइडी बनवतो. बाबा गेले तेव्हा मी शाळा सोडली, तो शिकत राहिला. खोटं कशाला बोलू, जळतो मी त्याच्यावर.

ती रेघही माझीच. मेणात बसवलेली कातडी कापताना सुरीला खाच होती, ती पापुद्र्यावर उमटली. त्या दिवशी मी तिसऱ्या टेबलावर नव्या सुरीने कापलेली, बिनरेघेची तेलग्रंथी लावली. पाचव्यावर घामग्रंथी, खाचेच्या सुरीची. रेघवाली. आपटू दे त्याला एकदा.

धाकटा तिसऱ्या टेबलाशी आला. वाकला. मान वर करून माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाकला. मला घाम फुटला.

बाहेर आल्यावर पोरं बोंबलत होती. सगळ्यांनी पाचव्यालाच तेलग्रंथी लिहिलं होतं.

"तू?" मी विचारलं.

"तिसऱ्याला लिहिलं. रेघ नव्हती, मग पेशी बघितल्या. तूच सांगितलं होतंस ना, भांडी घासताना? घामाची पेशी थेंब सोडते नि शाबूत राहते. दुधाची वरचा तुकडा देऊन बसते. तेलाची भरत भरत जाते आणि अख्खी फुटते. तिथं फुटलेल्याच दिसत होत्या." तो हसला. "तोंडीलाही तेच सांगितलं. सर खूश! म्हणाले, कोणी शिकवलं?"

"मग?"

"म्हटलं, पुस्तकात वाचलं."

"बरं केलंस."

"चिडलास?"

"जा, आई वाट बघत असेल."

तो गेला. मी मायक्रोस्कोप पुसायला घेतले. पोरं भुवया टेकवतात, काचा तेलकट होतात, दर परीक्षेचं आहे. तिसऱ्याच्या काचेवर सगळ्यात मोठा डाग होता, बराच वेळ टेकून बघितल्यासारखा. एवढ्याशा डागापायी किती पेशी फुटल्या असतील, कोण मोजतंय.

मी काचेवर वाफ सोडली आणि फडक्याने डाग पुसून टाकला.