चौथं बटण

"पोरी, तुझं हे बटण लबाड आहे," मावशींनी सांगून टाकलं. "आजोबांनी पाण्याचं दाबलं. मी पेला घेऊन धावत गेले, तर त्यांना पाणी नकोच होतं."

संशोधक मुलीने वहीत टिपून घेतलं. वृद्धाश्रमात दिवसभर घंटा वाजत, सेविकांची पळापळ होई, म्हणून व्यवस्थापकांनी तिला विद्यापीठातून बोलावलं होतं. तिची कामाची रीत वेगळीच. काहीतरी बनवायचं, इथल्याच माणसांच्या हाती द्यायचं, काय होतं ते बसून पाहायचं आणि पुन्हा बदलायचं. सेविका म्हणून बावीस वर्षांत मावशींना कुणी मत विचारलं नव्हतं. हे सगळं स्वप्नात चाललंय की काय, असं त्यांना अधूनमधून वाटे.

तिने खाटांशी लावलेल्या पहिल्या डबीवर एकच बटण होतं. दुसरीवर तीन : पाणी, दुखणं, शौचालय. तरी दुपारी, ऊन लादीवरून हळूहळू सरकत असताना आणि सगळा मजला पेंगत असताना, तेच आजोबा हाताला येईल ते बटण दाबत.

"काय हवंय आजोबा?"

"काही नाही. बस जरा."

मावशी मुलीला म्हणाल्या, "मग चौथं बटण लाव. नुसतं बोलवायचं."

"मावशी, हाका कमी करायच्यात. यानं वाढतील."

"वाढू देत. खऱ्या तरी असतील."

मुलीने वहीत तीन गोलांशेजारी चौथा गोल काढला. सोमवारी चौथं बटण लागलं.

महिनाभराने व्यवस्थापकांनी हाकांच्या नोंदींचा कागद पुढे ओढला. बाकीच्या तीन बटणांच्या हाका निम्म्यावर आल्या होत्या, पण चौथ्याने सगळी बेरीज फुगवली होती.

"ही कल्पना कुणाची?"

मुलगी बोलणार, तोच मावशी उभ्या राहिल्या. "माझी, साहेब."

"सर, हाका कमी कशा होतील, हा प्रश्नच आपण चुकीचा धरला होता," मुलगी म्हणाली. "ते यांनी दाखवून दिलं. अहवालात मी तसंच लिहिणार आहे, यांच्या नावासकट."

"जरूर लिहा," साहेब शांतपणे म्हणाले. "पण ते बटण काढून टाका."

संध्याकाळी पाळी संपल्यावर मावशींनी गणवेश बदलला, पिशवी खांद्याला लावली आणि आजोबांच्या खोलीत जाऊन खुर्ची ओढली. आजोबा अर्धवट झोपेत वारलेल्या बायकोशी बोलत होते. मावशी मधूनमधून "हं" म्हणत राहिल्या.

खिडकीखालून त्यांची घरी जायची बस गेली. मावशी उठल्या नाहीत.