एका पानात बसवलेला रूपेश

नेत्राने भावाचा सीव्ही लिहायला घेतला तेव्हा तिला भलताच हुरूप आला होता. घरात बी.कॉम. झालेली ती एकटीच, त्यात मोबाईलवर सीव्हीचे सात व्हिडिओ बघून झालेले. आता तिच्यापुढे कोण शहाणा! मुंबईची एक मोठी कंपनी रत्नागिरीत भरती करणार होती, मालवाहू बोटींसाठी आणि गोदामासाठीही. हजारो अर्ज येतात, साहेब एका अर्जाकडे जेमतेम दहा सेकंद बघतो, असं व्हिडिओतल्या बाईने बजावलं होतं.

रूपेशला ही नोकरी हवीच होती. नऊ वर्षं तो ज्या मच्छीमार बोटीवर तांडेल होता, ज्याच्या शब्दावर अकरा खलाशी जाळं टाकायचे नि ओढायचे, ती बोट मालकाने गणपतीनंतर विकून टाकली. इथे जमलं नाही तर गोव्याला जाऊन कुणाच्या तरी ट्रॉलरवर साधा खलाशी व्हायचं, ते थेट मेअखेर मासेमारी बंद होईपर्यंत. चौतिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या शिव्या खायच्या.

"तांडेल लिव गो," तो तिच्या मागे उभा राहून म्हणाला.

"दादा, तांडेल हे आडनाव वाटेल त्यांना. मोठ्या कंपनीत असले शब्द कळत नाहीत."

"मग काय लिवतेस?"

"टीम लीडर. सीफूड सप्लाय चेन."

रूपेशला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण बहीण शिकलेली, म्हणून त्याने मान डोलावली. खरं सांगायचं तर नेत्राला त्या शब्दाची लाज वाटत होती. कॉलेजात तिने भाऊ 'मरीन लाइनला' असल्याचं ठोकून दिलं होतं. मासे, जाळं, बोट, एकेक शब्द तिने तांदळातले खडे वेचावेत तसा वेचून काढला. पान झकास झालं.

आणि ते साहेबाच्या नजरेत भरलं, हेच दुर्दैव. आठवड्यात फोन आला. रूपेश इस्त्रीचा शर्ट घालून गेला, तर त्याला गोदामाच्या सुपरवायझरच्या रांगेत बसवलं. कॉम्प्युटरवर मालाची नोंद कशी ठेवता, असं विचारलं. "साहेब, मी बोटीवरचा मानूस," असं तो म्हणेपर्यंत पुढच्याचं नाव पुकारलंदेखील.

वाडीतला दर्शन मात्र लागला, बोटीवर. त्याने वहीचं पान फाडून हाताने लिहिलं होतं : सहा वर्षं खलाशी, एक वर्ष तांडेल. हा किनारा ओळखणारे तांडेलच कंपनीला हवे होते, आणि तो शब्द असलेले अर्ज त्यांनी गठ्ठ्यातून आधीच बाजूला काढले होते. हे दर्शननेच पेढे द्यायला आल्यावर सांगितलं. वर विचारलं, "रूपेशदादानं अर्ज केलाच नाय काय?" जाळं कसं धरायचं ते दर्शनला रूपेशनेच शिकवलं होतं. नेत्राने हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

दोन दिवसांनी रूपेश गोव्याला जायची बॅग भरत होता. ती लॅपटॉप घेऊन समोर बसली.

"दादा, मी चुकले. लाज वाटली मला, म्हणून तसं केलं. पुन्हा लिहिते, पुढच्या भरतीला होईल. या वेळी सगळं खरं लिहू."

"लिव," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं.

तिने 'तांडेल, नऊ वर्षं' असं टाइप केलं. खाली कामाचा तपशील हवा होता, आणि तिथे तिचे हात थांबले. मासा कुठे आहे हे त्याला कसं कळतं? वारा फिरला की अकरा माणसं तो कशी परत आणतो? त्याने आणलेल्या पैशावर ती वाढली, शिकली, आणि नऊ वर्षांत तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "तू बोटीवर नक्की काय करायचास?"

रूपेशने बॅगेची चेन ओढली. "आता सांगत बसलो तर गाडी चुकंल गो," असं म्हणून तो पायऱ्या उतरला.